झाडांपर्यंत

आमच्या कैदेवर सिनेमा निघाला तेव्हा पहिली गोष्ट अशी झाली, की आम्हा सगळ्यांना बढती मिळाली. जर्मनांनी पकडलं तेव्हा आम्ही साधे शिपाई होतो; सिनेमात आम्ही अधिकारी झालो. दिग्दर्शक ऑब्री पेल्हम यांचं मत असं, की पळून जायचे बेत आखायला माणसाला निवांतपणा लागतो आणि बटाटे खणणाऱ्याला तो मिळत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. आम्ही बटाटेच खणत होतो.

दुसरी गोष्ट बोगद्याची. आमच्या छावणीला बोगदा नव्हता. पेल्हमसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या पाहुण्याला घरात संडास नाही असं सांगितल्यासारखा झाला. "अहो, लोक तिकीट बोगद्याचं काढतात!" ते म्हणाले. मग विल्फ अ‍ॅक्रॉइडने त्यांना एक बोगदा काढून दिला. तो सिनेमाच्या पूर्वार्धातच कोसळतो आणि गोष्ट निमूटपणे आमच्या शेतावर येते.

विल्फ हा त्या सिनेमाचा सल्लागार. कैदेत आमच्या लाकडी खाटा एकावर एक होत्या. वर विल्फ, खाली मी. त्यामुळे त्याच्या गादीतला भुसा मी वर्षानुवर्षं खाल्ला आहे. युद्धानंतर तो लीड्सला कापडगिरणीत परत गेला. तिथल्या पबमध्ये एकदा सिनेमाच्या गोष्टी लिहिणारा एक गृहस्थ भेटला, त्याने दोन ग्लास बिअर पाजली आणि विल्फने त्याला निनियन बेअर्डची गोष्ट सांगितली. निनियन आमच्याच बराकीतला. लालसर केसांचा, स्कॉटलंडच्या मासेमारी गावातला, वाऱ्यासारखा पळणारा पोरगा. बटाट्याच्या शेतातून तो पळाला, पलीकडची पाइनची झाडं गाठली, आणि मग रात्री चालत, दिवसा लपत थेट घरी पोचला, अशी ती गोष्ट.

गोष्ट उत्तम होती. फक्त निनियन झाडांपर्यंत पोचलाच नव्हता.

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सिनेमात कैद्यांची गर्दी म्हणून विल्फने आम्हा जुन्या मंडळींनाच नॉरफकमधल्या चित्रीकरणाच्या माळावर गोळा केलं होतं. पहिल्या दिवशी कागदावरची गोष्ट वाचून दाखवली गेली, निनियन घरी पोचला, आईने दार उघडलं. आम्ही आपापल्या बुटांकडे पाहत बसलो. मेलेल्या माणसाला कुणी घरी पोचवत असेल तर मध्ये पाय कशाला घाला?

पाय पेल्हमसाहेबांनी घातला. "हा पोचतो हे काही जमत नाही," ते वाचून झाल्यावर म्हणाले. "पोचलेल्या माणसासाठी कोण रडणार? तो झाडांच्या अगदी जवळ येतो, आणि पहारेकरी गोळी घालतो. बास! थिएटरात रुमाल निघतील."

त्यांना खरं काय घडलं याची काडीइतकीही कल्पना नव्हती. निव्वळ धंद्याच्या अक्कलहुशारीने ते बरोबर तिथे जाऊन पोचले होते.

"साहेब, तो पोचला होता," विल्फ म्हणाला.

"अभिनंदन! पण आपल्या सिनेमात नाही."

सिनेमातल्या कैद्यांना दिलेलं जेवण इतकं चांगलं होतं, की आमच्यातल्या एकाने ही छावणी सोडून पळायचं कारणच काय असं दोनदा विचारलं. सवयी मात्र तशाच होत्या. जर्मन सार्जंटचं सोंग घेतलेला नट एकदा केवळ घसा साफ करायला म्हणून जर्मनमध्ये हजेरीसाठी ओरडला, तर आम्ही चहा टाकून पाचापाचांच्या रांगेत उभे! कॅमेरा बंद होता. तो बिचारा इतका घाबरला, की त्याने आमची माफी मागितली.

शेवटी तो प्रसंग आला. माळावर बटाट्याचं शेत लावलं होतं. रोपं खरी, बटाटे दुकानातून आणून पुरलेले. आम्ही वाकून खणतो आहोत. शेताच्या कडेने पहारेकरी फेऱ्या घालतो आहे. विल्फ टोपी घालून बांधाजवळ बसला आहे, कारण टेहळणीचं काम तेव्हाही त्याचंच होतं आणि ते त्याच्याइतकं कुणाला जमेना. पहारेकरी कोपऱ्यावर पोचला, की विल्फने डोक्यावरची टोपी काढायची. टोपी निघाली, की निनियनने झाडांकडे धूम ठोकायची. निनियनचं काम कॉलिन ट्रेंट नावाचा एक नवा नट करत होता. केस रंगवलेले, पण पाय खरे होते.

पहारेकरी झाला होता पर्सी गडॉन, जवळच्या गावातला नळदुरुस्तीवाला. त्याने कोपऱ्यावर पोचून जरा पुढे जायचं, अचानक मागे वळायचं आणि बंदूक झाडायची.

पहिल्यांदा कॅमेरा फिरला. पर्सी कोपऱ्यावर पोचला, थांबला, बंदूक गुडघ्यांत धरली, वाऱ्याकडे पाठ केली आणि सिगारेट पेटवली. तोवर कॉलिन झाडांत दिसेनासा झाला.

"कट! गडॉन, हे काय चाललंय?"

"सिगारेट ओढतोय, साहेब."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? हातात होती."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. पेल्हमसाहेबांनी पर्सीच्या खिशांची झडती घेतली, काही सापडलं नाही. चौथ्यांदा पुन्हा त्याच्या बोटांत सिगारेट! आम्ही खणता खणता पाहत होतो. दरवेळी कॅमेरा फिरण्याआधी विल्फ बुटाची नाडी बांधल्यासारखा वाकायचा आणि पर्सी जवळून जाताना त्याच्या हातात काहीतरी सरकवायचा. अगदी तसंच, जसं तो पूर्वी करायचा.

"ॲक्रॉइड, तुम्ही माझ्या पहारेकऱ्याला लाच देताय?" पेल्हमसाहेब कडाडले.

"तो तिथे थांबून सिगारेट ओढायचा, साहेब. खरा पहारेकरी. मी सल्लागार आहे."

"खरा पहारेकरी मेला असेल आता, त्याला काही वाटणार नाही! मला गोळी हवीय!"

चहाची सुट्टी झाली. विल्फ खोट्या बराकीच्या पायरीवर बसला होता. मी कप घेऊन त्याच्या शेजारी बसलो.

"काय लावलंयस हे, विल्फ? ते तुला काढून टाकतील."

त्याने कपातला चहा पायरीखाली ओतला. मग म्हणाला, "तुला तो म्हातारा आठवतो? शेतावरचा?"

"आठवतो की. गुडघ्यांतून वाकलेला."

"रोज सकाळी मी त्याला आपल्याला बाहेरून येणाऱ्या पार्सलातली एक सिगारेट द्यायचो. रोज कोपऱ्यावर थांबून तो ती पेटवायचा. पाठ आपल्याकडे. त्याच्यावरच तर सगळा बेत उभा होता."

"ते मला ठाऊक आहे."

"त्या महिन्यात पार्सलं आली नव्हती. एकच उरली होती. त्या दिवसासाठी राखून ठेवलेली. सकाळी निनियन बूट आवळत होता. पोराची नाडीची गाठ दोनदा चुकली रे. मला वाटलं, याला काहीतरी द्यावं. आई मुलाला परगावी पाठवताना देते तसं काहीतरी. आणि माझ्याजवळ दुसरं काय होतं? तीच दिली त्याला."

मी कप पायरीवर ठेवला.

"म्हटलं, म्हातारा थांबेलच. इतक्या दिवसांची सवय आहे, पाय आपोआप थांबतील. आणि थांबले, बरं का! कोपऱ्यावर थांबला तो. मी टोपी काढली. निनियन उठला. म्हाताऱ्याने खिसा चाचपला, काही नाही. मग तो वळला. माझ्याकडेच वळला. सिगारेट मागायला."

मी त्या दिवशी गोळी ऐकली आणि मातीत तोंड खुपसून पडलो. वर काय झालं ते मी पाहिलं नव्हतं. बराकीत आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो, की म्हातारा हुशार निघाला.

"हे तू कुणाला कधी सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. पबमधल्या त्या माणसाला सांगायला बसलो होतो. इथवर आलो, म्हातारा कोपऱ्यावर थांबला. आणि पुढे तोंडातून निघालं, की तो झाडांत पोचला. मग थांबवेना मला. घरीच पोचवला त्याला." तो किंचित हसला. "आईने दार कसलं उघडलं, निळ्या रंगाचं, तेसुद्धा सांगितलं."

मी उठलो आणि कॉलिन ट्रेंटला शोधायला गेलो. असल्या बाबतीत नटाला मध्ये घेऊ नये हे मला तेव्हा कळत नव्हतं. तो केसांचा रंग पुन्हा लावून घेत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. अर्थात ते त्याचं काम होतं, पण मला वाटतं त्या वेळी ते खरेच भरले.

"बिचारा म्हातारा," तो विल्फबद्दल म्हणाला. विल्फ चाळिशीचाही नव्हता.

पुन्हा कॅमेरा लागला. पेल्हमसाहेबांनी या खेपेला विल्फच्या खिशांची झडती घेतली, पाकीट स्वतःच्या कोटात टाकलं आणि पर्सीच्या शेजारी एक माणूस उभा केला. सुटकेचा मार्ग सगळीकडून बंद. छावणी आता कुठे छावणीसारखी वाटू लागली.

पर्सी कोपऱ्यावर पोचला. विल्फचा हात टोपीकडे गेला नाही. आम्ही सगळे खणायचे थांबलो. खूण झाल्याशिवाय कुणी हलायचं नाही हा बराकीचा नियम होता, तो आमच्या हाडांत मुरला होता. पेल्हमसाहेब ओरडत होते, "हला! कुणीतरी हला!" आणि आम्ही एक बोटही हलवत नव्हतो.

कॉलिन तेवढा उठला. खुणेशिवायच.

पर्सी वळला आणि बंदूक झाडली. मोठा बार झाला, धूर निघाला. कॉलिन पडला नाही. त्याने मान खाली घातली आणि तो आणखी जोरात पळाला. पर्सीने गोंधळून दुसरा बार काढला. तरी तो पळत होता, सरीवरून सरीवर उड्या मारत, कोट मागे फडफडत होता. आणि मग काळ्या खोडांमध्ये तो दिसेनासा झाला.

मी विल्फकडे पाहिलं. तो बांधावर उभा राहिला होता. तोंड थोडंसं उघडं होतं. बराकीत खिडकीतून पहिला बर्फ पाहायला उभा राहायचा तसा. आमच्यातल्या कुणीतरी हलकेच शीळ घातली. दुसरा म्हणाला, "गेला, लेकाचा!" आणि खरं सांगतो, त्या घटकेला तो गेलाच होता. झाडं नुसती उभी होती. त्यांच्यात कुणीही नव्हतं.

मग झाडांतून कॉलिन बाहेर आला.

तो धापा टाकत, हसत, सरळ विल्फकडे आला. कोटावर पाइनच्या काड्या चिकटल्या होत्या. आपण एका माणसाला केवढं देणं दिलं आहे हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि पोरगा भला होता, मला त्याला नाव ठेवायचं नाही.

विल्फने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू परत कशाला आलास?" त्याने अगदी हळू विचारलं.

याचं उत्तर कॉलिनच्या तोंडी कुणी लिहिलंच नव्हतं. "मला... चहा आहे ना आता?" एवढंच तो म्हणाला.

विल्फने मान हलवली. मग आवाज मवाळ करून तो माफी मागितल्यासारखा म्हणाला, "चांगला पळालास हां, बाळ. फार छान पळालास." त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, काड्या झटकल्या. आणि वळून तो पेल्हमसाहेबांकडे गेला. साहेब रागाने लालबुंद झाले होते, ते तोंड उघडणार तोच विल्फ म्हणाला,

"उजेड आहे अजून, साहेब. उरकून घ्या."

"म्हणजे?"

"तो आलाच आहे परत. घाला गोळी."

एका दमात झालं. विल्फ बांधावर बसला. पर्सी कोपऱ्यावर पोचला, थांबला. विल्फने टोपी काढली. कॉलिन उठला, धावला. पर्सी वळला. झाडांच्या अगदी अलीकडे कॉलिन गुडघ्यांवर आला आणि मग तोंडावर पडला. पेल्हमसाहेबांनी आनंदाने कुणाला तरी मिठी मारली. आम्ही टोप्या काढल्या. ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कॅमेऱ्यात आलं नाही.

सिनेमा चांगला चालला. रुमाल निघाले म्हणतात. लीड्सच्या थिएटरात विल्फ आणि मी मागच्या रांगेत बसून पाहिला. वर्तमानपत्रांनी ट्रेंटच्या धावण्याचं कौतुक केलं. एका टीकाकाराने लिहिलं, की टेहळणी करणारा कैदी टोपी काढतो तेव्हाचा त्याचा चेहरा इतका कोरा आहे, की हे काम खऱ्या नटाला द्यायला हवं होतं.