त्या शुक्रवारी मी तिथं नव्हते

बोलते आहे ती मी, 'फरशी ओली आहे' असं सांगणारी दुकानातली पिवळी पाटी. माझ्यावर विश्वास ठेवा असा आग्रह नाही. मीही कुणावर ठेवत नाही. जिथं मला उभं करतात तिथं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते दुरुस्त करण्यापेक्षा मला उभं करणं स्वस्त पडतं, एवढं मला जन्मापासून कळतं.

जन्म प्लास्टिकच्या कारखान्यातला. साच्यातून निघाले, पोटावर एक माणूस छापला गेला. हात वर, पाय पुढे, कायमचा पडत असलेला. वर इंग्रजीत सावधान, खाली स्पॅनिशमध्ये सावधान. आमच्या लुइझियानातल्या या गावात म्हातारी माणसं घरी फ्रेंच बोलतात. त्यांना घसरायची मुभा असावी.

मी आले ती एका किराणा दुकानात. दुकान मोठ्या कंपनीचं, पण सांभाळायचा डॅरेल गिड्री. माणूस वाईट नव्हता. कंजूषही नव्हता, कंजूष त्याच्या वरचे होते. गोठवलेल्या भाज्यांचा फ्रीझर खालून गळायचा. गिड्रीनं तो दुरुस्त करा म्हणून वर कळवलं, मग निदान आणखी एक पाटी द्या म्हणून कळवलं. वरून आलं ते ग्राहकाशी हसून कसं बोलावं याचं भित्तिपत्रक. तेव्हा दुकानात पाटी एकच, ती मी, आणि माझी कायमची जागा त्या फ्रीझरशेजारी.

फक्त ईस्टरच्या आधीचे शुक्रवार वेगळे. त्या दिवसांत इथं उपवास, शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून सारं गाव उकडलेल्या क्रॉफिशवर तुटून पडतं. क्रॉफिश म्हणजे चिखलातली, कोळंबीची चुलत बहीण म्हणावी अशी चीज. तिखटजाळ पाण्यात उकडायची, वर्तमानपत्रावर ओतायची आणि हातानं सोलून खायची. शरीराला क्लेश म्हणून सांगितलेला उपवास इतक्या चवीनं पाळलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. अर्थात मी दुसरीकडे गेलेच नाही.

गिड्री स्वतः दुकानामागं हंडा चढवायचा. मसाला त्याचा, अभिमानही त्याचा. गाड्यांची आणि माणसांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. ती कुठून सुरू होते यावरून एकदा दोन भाविकांची कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली, तेव्हापासून शुक्रवारी मला रस्त्याच्या कडेला नेऊन उभं करू लागले. पोटावरच्या पडणाऱ्या माणसाला पुठ्ठ्यानं झाकायचं, पुठ्ठ्यावर लिहायचं: 'रांग इथून'.

अशाच एका शुक्रवारी गिड्री दुकानातून धावत आला. पुठ्ठा ओरबाडून काढला, मला काखेत मारलं आणि आत नेलं. फ्रीझरपाशी मिस अर्लीन फोंतेनो आडवी पडली होती. इथं वडीलधाऱ्या बाईच्या नावाआधी मिस लावतात, मग तिला नातवंडं का असेनात. ही शाळेच्या स्वयंपाकघरात रांधायची. गावातला निम्माअर्धा माणूस तिच्या हातचा भात खाऊन वाढलेला.

"मिस अर्लीन, हलू नका. अँब्युलन्स बोलावलीय."

"मी ठीक आहे रे डॅरेल. तू जा, तुझा हंडा उतू जाईल. लोक खोळंबलेत."

ओठ तिनं दाताखाली धरलेला होता. गिड्रीनं माझ्या पायांचा चिखल रुमालानं पुसला, मला तिच्या पायाशी उघडून उभं केलं, मागं सरला आणि फोनवर माझा फोटो काढला. "वरून तसं सांगितलंय," तो कुणालातरी म्हणाला. "पडलं कुणी की आधी फोटो."

चिखल पुसला तेव्हाच मला शंका आली.

आता फरशी ती पडण्याआधी ओली होती का? मी पोचले तेव्हा होती. आधीचं मी सांगू शकत नाही, कारण मी तिथं नव्हते. खोटी साक्ष देणारी माणसं मी पुढं पाहिली. आपण पाटी असून तसं करू नये असं मला वाटतं.

बाईचा खुबा मोडला. त्यानंतर मी फ्रीझरशेजारी उभ्यानं पुष्कळ ऐकलं. हमरस्त्याला लागलात की या भागात झाडांपेक्षा जाहिरातफलकांवरचे वकील जास्त दिसतात. एकाच्या हातात हातोडा, दुसरा सिंहाला टेकून उभा. 'दुखापत झाली? मला फोन करा.' त्यामुळं इथं कुणी पडलं की लोकांना आधी वकील आठवतो, मग हाड.

"हातोडावाला केला की सिंहवाला?" मिस अर्लीनची जन्माची मैत्रीण मिस व्हर्डी मटारची पिशवी उचलत म्हणाली.

"हातोडावाला म्हणे," दुसरी म्हणाली. "चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते हल्ली. गुडघे टेकत नाही."

"देवापुढं तरी वाकावं."

"वाकली तर दावा मोडेल ना."

दोघी हसल्या आणि खालचं पाणी टाळून, एकमेकींचा हात धरून, जपून गेल्या.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. बाई खोटी कशावरून नाही?

मग वकिलाची नोटीस आली: पाटी फेकू नये, पुरावा आहे. मला त्याच्या कचेरीत पाठवलं. हातोडावाल्याचं नाव ब्रोसार. समोरून बघितलं तर बुटका आणि थकलेला. जाहिरातीतला हातोडा भाड्याचा होता. त्यानं मला उलटसुलट केलं, पोटावरचा चिकटपट्टीचा डाग नखानं खरवडला, नाक जवळ आणलं.

"हिला लसूण-मिरचीचा वास कसा काय?" तो स्वतःशीच म्हणाला. आणि मला कपाटाशेजारी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिस अर्लीन आली, काठी टेकत. त्यानं तिला कायदा समजावला.

"नुसतं पडलात म्हणून दुकान भरपाई देत नाही. धोका होता, तो त्यांना माहीत होता, तरी त्यांनी काळजी घेतली नाही, हे तिन्ही आपण दाखवायचं. ते म्हणणार पाटी होती, बाईंनीच बघितली नाही. मग जेवढी चूक तुमची ठरेल तेवढं वजा."

"पाटी नव्हती."

"असं म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या. त्यांच्याकडे फोटो आहे."

"मला डॉक्टर म्हणतात खुबा वाकडा जुळलाय, पुन्हा कापावा लागेल. त्याशिवाय चुलीपुढं उभं राहता येणार नाही. तेवढं निघालं की बास." तिनं काठी मांडीवर आडवी घेतली. "आणि मी लबाड नाही, हे कुणीतरी म्हणावं."

ब्रोसारनं एक ध्वनिमुद्रण लावलं. दुकानाच्या विमा कंपनीच्या माणसानं तिला हॉस्पिटलात फोन केला होता. "आज कशा आहात, मॅडम?" "छान, देवाची कृपा. तुम्ही?" इथं कुणी कसं काय विचारलं की 'छान' म्हणायचं. शवपेटीतल्या माणसाला विचारलं तरी तो तेच म्हणेल.

ब्रोसारनं कपाळ धरलं. "मोडक्या खुब्यानिशी तुम्ही छान म्हणालात. ते हेच न्यायालयात वाजवणार."

"मग काय करू? अनोळखी माणसाला दुखणी सांगत बसू?"

"आणि त्या गाडीतल्या माणसाला कॉफी कशाला दिलीत?"

विमा कंपनीनं तिच्या घरासमोर एक कॅमेरेवाला बसवला होता. सकाळभर बिचारा उपाशी दिसला म्हणून ही काठी टाकून, कुंपणाला धरत, त्याला कप देऊन आली. तो कॉफी प्यायला आणि त्यानं चित्रण पाठवून दिलं: बघा, चालते.

मला आता दोघांचाही संशय येऊ लागला. त्याचा, कारण तो भरपाईतला तिसरा हिस्सा घेणार होता. तिचा, कारण इतकं भोळं कुणी असतं का?

गिड्रीच्या जबानीचा दिवस आला. न्यायालयात नव्हे, ब्रोसारच्याच कचेरीत, पण शपथेवर. लघुलेखिका शब्दन् शब्द टिपायला बसली. माझ्या पोटावर पुराव्याची चिठ्ठी डकवली. दुकानाच्या बाजूनं एक तरुण वकीलबाई आली होती. सुरू होण्याआधी तिनं गिड्रीला बाहेर नेलं, ब्रोसारही फोनवर बोलायला गेला, लघुलेखिका कॉफी आणायला. खोलीत मिस अर्लीन आणि मी, दोघीच.

तिला खिडकी बंद करायची होती. तिनं आधी टेबलाची कड धरली, मग खुर्चीचा हात, मग अर्धवट उठून थांबली. डोळे मिटले. घशातून एक बारीक आवाज आला, तो तिनं गिळला. काठी खाली घसरली होती. तिनं मला धरलं आणि माझ्यावर भार टाकला. मी भार घेण्यासाठी केलेली नाही, पण मिटले नाही. खिडकीपर्यंत ती गेलीच नाही. पुन्हा बसली, घाम पुसला आणि दार उघडताच हसली.

सोंग करणारा माणूस बघणारे असताना करतो. इथं बघणारी मी एकटी होते, आणि मला डोळे आहेत असं तिला वाटत नव्हतं. माझ्या शंकांपैकी एक त्या दिवशी संपली. बाकीच्या चालू आहेत.

वकीलबाईनं गिड्रीला बजावलेलं दारातूनही ऐकू आलं. "विचारतील तेवढंच. हो, नाही, आठवत नाही."

सुरुवात त्यानं तशीच केली.

"ही पाटी कुठं असते, मिस्टर गिड्री?"

"फ्रीझरपाशी."

"नेहमी?"

"नेहमी."

"का?"

"फ्रीझर गळतो म्हणून."

वकीलबाईचं पेन थांबलं.

"म्हणजे गळतो हे दुकानाला माहीत होतं. अशा पाट्या किती आहेत?"

"हीच. दुसरी मागून मागून थकलो."

ब्रोसारनं कागद मिटले, खुर्ची मागं रेलली, गप्पा मारायला बसावं तसा. "बरं, यंदा शुक्रवारी गर्दी पुलापलीकडच्या त्या नव्या दुकानात जात होती म्हणे. त्यांचे क्रॉफिश तुमच्यापेक्षा चांगले, असं ऐकलं."

"हरकत," वकीलबाई म्हणाली. "याचा काही संबंध नाही."

पण या गावच्या माणसाला हे ऐकून हो-नाहीत उत्तर देता येत नाही. गिड्रीचे कान लाल झाले.

"पुलापलीकडे? ते लोक पाण्यात मसाला घालत नाहीत, वरून भुरभुरवतात. पावडर लावलेल्या नवरीसारखं. माझ्याकडे या शुक्रवारी. रस्त्यापर्यंत रांग."

"प्रत्येक शुक्रवारी?"

"यंदा एक चुकला नाही. मिस अर्लीन पडल्या त्या दिवशी तर सगळ्यात मोठी. मी स्वतः पाटी नेऊन रस्त्यावर ठेवतो, नाहीतर लोक एकमेकांच्या अंगावर..."

तो थांबला. लघुलेखिकेची बोटंही थांबली.

"कोणती पाटी, मिस्टर गिड्री?"

गिड्रीनं माझ्याकडे बघितलं. आमची इतक्या वर्षांची ओळख, पण नीट बघितलं ते त्या दिवशी.

"ही," तो म्हणाला.

उठताना तो मिस अर्लीनपाशी अडखळला. "फोटो काढायचं वरून सांगितलं होतं, मॅडम."

"शाळेत दुसऱ्यांदा भात मागायचास," ती म्हणाली, "तेव्हाही सांगायचास, पहिला मिळालाच नाही. तेव्हा मी वाढायची, डॅरेल. तू लहान होतास."

आठवडाभरात तडजोडीचा कागद आला. ऑपरेशन निघेल, वर बरंच उरेल अशी रक्कम. अटी दोन: दुकान चूक कबूल करत नाही, आणि बाईंनी याबद्दल कुणाशीही बोलायचं नाही.

"पहिली राहू दे," मिस अर्लीन म्हणाली. "दुसरी खोडा."

"सगळ्या तडजोडींत असते ती. लोकांना सांगायचं, प्रकरण मिटलं."

"प्रकरण मिटलं म्हटलं की गाव समजतं, बाईनं पैसे काढले. गप्प बसण्याचे पैसे घेतले तर मी लबाडच राहिले ना?"

"खोडलं तर रक्कम उतरेल."

"ऑपरेशन निघतं?"

"निघतं. पण उरत नाही."

"मग खोडा."

ब्रोसारनं मनातल्या मनात स्वतःचा हिस्सा मांडला असावा, कारण त्याचा चेहरा लांबला. पण खोडलं. एवढं श्रेय त्याला देते, नाइलाजानं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मिस अर्लीन ऑपरेशननंतर कचेरीत येऊन ब्रोसारला सांगत होती ते ऐकलं, तेव्हा तेवढ्याच सावधपणे घ्या. रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिनं चर्चच्या पायऱ्यांवर सगळं सांगितलं. फ्रीझर, फोटो, रस्त्यावरची पाटी, कॅमेरेवाला, कॉफी. मिस व्हर्डी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पण अर्लीन, पाटी रस्त्यावर होती हे खरंच आहे. त्या शुक्रवारी मीच तिच्यापाशी उभी होते. पुठ्ठा होता तिच्यावर."

मागं उभी असलेली आणखी चारदोन डोकी हलली. हो, होता की पुठ्ठा.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही गं," व्हर्डी म्हणाली. "आणि मला वाटलं, तू वकील केलास म्हणजे..."

सध्या मी ब्रोसारच्या बैठकीच्या खोलीत असते. खाली गालिचा, ओलं काही नाही, म्हणजे निवृत्तच म्हणा. नव्या अशिलांना तो माझ्याकडे बोट दाखवून गोष्ट सांगतो. दर वेळी त्यातला वकील थोडा अधिक हुशार होतो. गळक्या फ्रीझरपाशी आता दुसरी पाटी आली आहे म्हणतात. फ्रीझर तोच.

जाण्याआधी एक मागणं. वकिलावर, विमावाल्यावर, दुकानावर विश्वास ठेवा असं मी सांगणार नाही, जखमी माणसावरही डोळे मिटून ठेवू नका. फक्त तुमच्या गावात कुणी पडलं आणि ती सोंग करते असं म्हणायला तोंड उघडलंत, तर त्या दिवशी आपण स्वतः कुठल्या रांगेत उभे होतो आणि समोर काय पाहत होतो, ते आधी आठवा. कुणी विचारायची वाट बघू नका.