पडद्याखालच्या ओळी

नागरवाड्यातल्या मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी कोरियातली माणसं एकमेकांशी भांडायची आणि बडोद्यातली माणसं भाकरवडी खात ते बघायची. अधूनमधून जपानी माणसंही यायची, पण ती फारशी भांडत नसल्यामुळे त्यांना गर्दी कमी असे. या उपक्रमाचं नाव ‘पूर्वरंग चित्रमंडळ’ होतं. ते नाव वाचून पहिल्या शनिवारी दोन वयस्कर गृहस्थ टाळ घेऊन आले होते. त्यांना परत पाठवणं बरं दिसेना, म्हणून बसवून घेतलं. ते अजून येतात. टाळ मात्र आता घरी ठेवतात.

चित्रमंडळाचे संस्थापक हिंमतराव घोरपडे. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, ते स्वतः रिफायनरीत होते, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या हातात रिमोट आला. घराण्याची ही वाटचाल त्यांनी निमूट स्वीकारली होती. चित्रमंडळ कशासाठी काढलं, असं कोणी विचारलं की ते मिशीवरून बोट फिरवून म्हणत, “आशियाई संस्कृतीचा परिचय व्हावा, एवढाच हेतू.” वास्तविक त्यांचं आशियाविषयीचं कुतूहल तोपर्यंत सुरतेच्या पुढे गेलेलं नव्हतं.

खरा हेतू त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत असे. निरुपमाबाईंना ऐकू येईनासं झालं होतं.

एकदम नाही, हळूहळू, नळाचं पाणी जातं तसं. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलेली ही बाई आधी भजनाला जायची थांबली, मग हळदीकुंकवाला, मग लग्नांना. कारण म्हणून गुडघा सांगत. गुडघा ठणठणीत होता. हिंमतरावांनी हे ओळखलं ते एका साखरपुड्यात. सगळे हसले, आणि निरुपमाबाई सगळ्यांची तोंडं बघून मग हसल्या. घरी आल्यावर त्यांनी कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं, तेव्हा बाईंनी कधी नव्हे ते इतकं स्पष्ट ऐकलं की दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “कोणाला बोललात तर बघा.” हिंमतरावांनी शब्द दिला. घोरपड्यांच्या घराण्यात दिलेला शब्द मोडत नसत. निदान बायकोला दिलेला मोडायची पद्धत नव्हती.

मग एकदा त्यांची भाची शर्वरी राहायला आली. फतेगंजात दातांचा दवाखाना चालवणारी ही मुलगी रिकाम्या वेळात कोरियन मालिका बघायची. तिने टीव्हीवर एक लावून दिली, खाली इंग्रजी ओळी. आणि हिंमतरावांना दिसलं की निरुपमाबाई हसताहेत. तेही त्यांच्या आधी. हिंमतरावांची ओळ वाचून व्हायच्या आत बाईंची वाचून, हसून, डोळे पुसून झालेली असायची. कोरियन कोणालाच कळत नव्हतं. त्या भाषेत सगळं बडोदं बहिरं होतं, आणि निरुपमाबाई त्यातल्या त्यात सगळ्यांच्या पुढे होत्या.

पुढच्याच महिन्यात चित्रमंडळ स्थापन झालं. मालिका निवडण्याचं आणि यंत्र चालवण्याचं काम शर्वरीकडे गेलं.

मंडळाची कामाची पद्धत अशी बसली. निम्म्यांना इंग्रजी ओळी पुऱ्या व्हायच्या आत पळून जातात असं वाटे, उरलेल्यांचा चष्मा घरी राहिलेला असे. त्यामुळे पहिल्या रांगेत निरुपमाबाई मधोमध, आणि त्यांच्या उजवीकडे मृदुलाबाई. मृदुलाबाई त्यांना कोपराने ढोसत आणि विचारत, “काय म्हणाला?” निरुपमाबाई मराठीत सांगत, आणि ते मागेमागे पोचे. प्रश्न ऐकू येण्याची गरजच नव्हती. प्रश्न एकच होता. त्यांच्या मराठीत कंपनीचे चेअरमन ‘आबासाहेब’ होत, त्यांची पत्नी ‘आईसाहेब’, आणि सोलमधली सगळी खानदानं नागरवाड्यातल्या कोणत्या ना कोणत्या घरासारखी दिसू लागत. बाकीचा वेळ सगळे मोकळेपणाने बोलत. कोणाची सून कुठे नोकरीला लागली, मांडवीतल्या कोणत्या दुकानाची भाकरवडी हल्ली तिखट झाली. ओळी डोळ्यांनी वाचायच्या, त्यामुळे तोंड आणि कान दोन्ही मोकळे होते.

हे असं चाललं असताना मंडळाचे सेक्रेटरी प्रतापसिंहराव यांना दया आली.

प्रतापसिंहराव चांगले गृहस्थ होते, आणि त्यांच्यापासून धोका असायचा तो त्यामुळेच. एका शनिवारी कार्यक्रम संपल्यावर ते उभे राहिले. त्यांचा आवाज असा, की माईक समोर ठेवला तर माईकलाच संकोच व्हावा.

“मंडळी, आज आपण वहिनीसाहेबांचा विचार केला पाहिजे. किती दिवस त्यांनी एकटीने आपल्याला वाचून दाखवायचं? त्यांनाही आरामात बघावंसं वाटत असेल. माझ्या मुलाने शोधून काढलंय, याच मालिका हिंदीत बोलणाऱ्याही मिळतात. शेवटचा भाग हिंदीतून लावू. वहिनीसाहेबांनी नुसतं ऐकायचं.”

टाळ्या पडल्या. टाळ्या दिसतात, त्यामुळे निरुपमाबाईंनीही वाजवल्या. कशासाठी ते त्यांना घरी येऊन हिंमतरावांनी तोंडासमोर तोंड धरून सांगितलं. बाईंनी हातातल्या रुमालाची घडी घातली.

“बरंय,” त्या म्हणाल्या. “गुडघाही दुखतोच आहे.”

हिंमतरावांना कळलं, की आता या खुर्चीवरून उठल्या तर पुन्हा कुठल्याच खुर्चीवर जाऊन बसायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते प्रतापसिंहरावांकडे गेले. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांनी इतर सगळी सांगितली. मूळ भाषेचा नाद. आशियाई संस्कृतीचं शुद्ध रूप. वाचनाने डोळ्यांना होणारा व्यायाम. प्रतापसिंहरावांनी चहा पाजून सगळं ऐकून घेतलं.

“हिंमतराव, तुम्हाला खरंच कोरियन भाषेचा नाद आवडतो?”

“फार.”

“एक शब्द म्हणून दाखवा.”

हिंमतरावांनी चहाचा घोट घेतला आणि तो बराच वेळ गिळला नाही.

“मग ठरलं,” प्रतापसिंहराव म्हणाले. “वहिनीसाहेबांना आराम.”

शर्वरीला मात्र शंका होती. तिने मामीला जवळून पाहिलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरला माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय असते. “मामा, मामी तर नेहमी माझ्या ओठांकडे बघतात,” ती म्हणाली. हिंमतराव म्हणाले, “तुझ्या लिपस्टिकचं कौतुक असेल.”

शनिवार आला. निरुपमाबाई येणार नाहीत असं हिंमतरावांना वाटलं होतं, पण चारच्या आधी त्या पायरीवर चपला घालून उभ्या होत्या. “शेवटचा भाग आहे,” त्या म्हणाल्या. “चेहरे तरी बघते.”

हॉल भरला होता. प्रतापसिंहरावांनी नवरात्रातला मोठा स्पीकर आणवला होता. मालिका तीन भावांची होती. त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या अंगणात सोयाच्या मुरवणीच्या मोठमोठ्या बरण्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या, आणि आईच्या माघारी त्या कोणाच्या, यावरून भावांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं. लोणच्याच्या बरण्यांवरून मोडलेली घरं ठाऊक असलेल्या नागरवाड्याला यात परकं काहीच वाटलं नव्हतं. आज आई निर्णय सांगणार होती.

कोरियातली थोरली सून हिंदीत रडू लागली. आणि त्याच वेळी, नेहमीप्रमाणे, डबे उघडले.

ही चूक जगात दुसरीकडे कुठे झाली असती असं वाटत नाही. संवाद कानाने ऐकायचे म्हणजे गप्प बसावं लागेल, हे ठराव करताना एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. भाकरवडी ही काही चोरून खायची वस्तू नव्हे. चाळीस जबडे एकदम सुरू झाले. वर शेवेची पुडी, तिच्या वर मृदुलाबाईंच्या नणंदेचं ऑपरेशन, आणि त्या सगळ्यावर प्रतापसिंहराव “शांती राखो, शांती राखो” असं ओरडत होते. स्पीकर वाढवला, तशी माणसांनीही आपापली गोष्ट मोठ्याने सांगायला घेतली.

पडद्यावर आई अंगणात आली. तिने तिन्ही मुलांकडे पाहिलं, एका बरणीवर हात ठेवला आणि एक वाक्य बोलली. थोरला मुलगा खाली बसला. धाकटा हसत सुटला.

“काय म्हणाली?” मागून कोणीतरी विचारलं.

“काय म्हणाली?” डावीकडून.

मृदुलाबाईंनी सवयीने कोपर ढोसलं.

हिंमतराव अर्धवट उठले. काहीतरी करायला हवं होतं. वायर ओढावी, घेरी आल्याचं सोंग करावं, कोरियन भाषेच्या नादावर भाषण द्यावं. त्यांनी वायर शोधायला सुरुवातही केली. पण निरुपमाबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि त्यांना खाली बसवलं. मग त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या, वर्गाकडे वळायच्या तशा.

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. वाचता येतं म्हणून इथे येत होते.” मग त्या म्हणाल्या, “तुम्हा सगळ्यांना तर ऐकू येतं. तुम्ही सांगा, काय म्हणाली ती?”

चघळणं थांबलं. चित्रमंडळाच्या इतिहासात प्रथमच हॉलमध्ये शांतता पसरली. कोणालाच माहीत नव्हतं.

“प्रतापसिंहराव, तुम्ही?”

“मी,” प्रतापसिंहराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज प्रथमच माणसाएवढा झाला, “मी चटणी घेत होतो.”

शर्वरीने मागे घेऊन पुन्हा लावलं. सगळ्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला. सून रडली, अंगण आलं, आई आली. एवढा वेळ गप्प बसणं मृदुलाबाईंना असह्य झालं. “ही थोरलीच ना?” त्यांनी विचारलं. तिघांनी उत्तर दिलं, दोघांनी त्यांना गप्प केलं, आणि वाक्य पुन्हा गेलं.

तिसऱ्यांदा शर्वरीने कोणाला विचारलं नाही. तिने नवरात्रातला स्पीकर बंद केला आणि खालच्या ओळी लावल्या. आईने बरणीवर हात ठेवला. निरुपमाबाई हसल्या, सगळ्यांच्या आधी.

मृदुलाबाईंनी कोपर ढोसलं.

“आईसाहेब म्हणतात,” निरुपमाबाई म्हणाल्या, “बरण्या रिकाम्या आहेत. मागच्याच वर्षी सगळं गल्लीत वाटून टाकलं. तुम्ही कोणी झाकण उघडून बघितलंत का?”

हॉल इतका हसला, की टाळवाल्या गृहस्थांपैकी एकाने दुसऱ्याच्या पाठीवर ताल धरला.

कार्यक्रम संपल्यावर प्रतापसिंहराव आले. निरुपमाबाईंच्या कानाशी वाकून त्यांनी सगळ्या ताकदीनिशी माफी मागितली. बाहेर रस्त्यात बसलेल्या गाईने मान वर केली.

“ओरडू नका, भावजी,” निरुपमाबाई म्हणाल्या. “समोर उभे राहा आणि हळू बोला. तेवढं पुरतं.”

मृदुलाबाई खुर्चीवरच बसून होत्या. “म्हणजे मी इतके दिवस नणंदेचं सांगत होते ते...”

“एक अक्षर नाही ऐकलं.”

मृदुलाबाईंनी विचार केला. “तरीच,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, इतकं समजून घेणारं माणूस आपल्याला कसं काय भेटलं.” मग त्या उजव्या बाजूच्या खुर्चीवरून उठून समोर आल्या, आणि नणंदेचं ऑपरेशन पहिल्यापासून, हळू, ओठ स्पष्ट हलवत सांगायला लागल्या. निरुपमाबाईंना सुटकेसाठी यापुढे दुसरं कारण शोधावं लागणार होतं.

हिंदीचा ठराव त्याच दिवशी मागे घेण्यात आला. पुढच्या शनिवारसाठी जपानी चित्रपट ठरला; त्यात कोणी फारसं बोलत नसल्यामुळे चेवडा आणायचं सर्वानुमते ठरलं.

घरी परतताना मांडवीच्या गर्दीत निरुपमाबाई थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या, म्हणजे तोंड दिसेल अशा.

“ते तुमचं आशियाई संस्कृतीचं. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.”

“कसं?”

“खोटं बोलताना तुमची मिशी डावीकडून हलते. ओठ वाचायला शिकलं, की मधे मिशी येतेच.”

हिंमतरावांनी मिशीवर हात ठेवला. एका रिक्षावाल्याने मागून हॉर्न वाजवला, त्यांनी बाईंना अलगद बाजूला घेतलं.

“त्या कानाच्या डॉक्टरचं नाव काय म्हणाला होतात?” निरुपमाबाईंनी विचारलं.

हिंमतरावांनी नाव सांगितलं. हळू, समोर उभं राहून, मिशी वर धरून.

“सोमवारी जाऊ,” बाई म्हणाल्या. “यंत्र लावायला सांगितलं तर लावीन. पण शनिवारी काढून ठेवणार. शनिवारी मला लागत नाही.”