मास्तरांनी उतरवलेला स्पेन

मी बोलतेय ती एक वही आहे. दोनशे बारा पानांची, जाड सुतानं शिवलेली. माझ्यात स्पेन देशाच्या लोकांचा इतिहास आहे, तोही मराठीत. साऱ्या आमगावात माझ्या जातीची दुसरी कोणी नाही. त्यामुळे बोलायचं कोणाशी, हा प्रश्न मला जन्मापासूनच पडलेला.

मला लिहिलं केशोराव मास्तरांनी. १९२५ साली गोंदियाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबाची बदली झाली. त्यानं विकायला काढलेल्या सामानातून मास्तरांनी एक इंग्रजी पुस्तक घेतलं. इंग्लंडचं मिळालं असतं तर इंग्लंडचं घेतलं असतं. मिळालं स्पेनचं. जवळ कोश ठेवून ते एकेक ओळ मराठीत उतरवू लागले.

रविवारी सकाळी घरापुढच्या सपरीत बसून ते नवं लिहिलेलं वाचून दाखवत. ऐकणारी एकच, त्यांची बायको धुरपताबाई. तिला अक्षर येत नव्हतं. तांदूळ निवडता निवडता ती ऐके. त्या देशात आधी कार्थेजवाले आले, मग रोमन, मग गॉथ, मग अरब.

"कोनीबी येते अन् बसते," ती एकदा म्हणाली. "त्या लोकाईचं सोताचं राज कवा येते जी?"

"येते ना. पुढं आयक."

आलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. अरबांचं शेवटचं राज्य ग्रानाडा जिंकलं, त्याच साली राजा-राणीनं ज्यू लोकांना देशाबाहेर काढलं. मग समुद्रापार जाऊन तिथल्या माणसांना चांदीच्या खाणीत घातलं. धुरपताबाईचा हात सुपातच थांबला.

"सोतावर इतकं बितलं, तरी दुसऱ्याले काऊन?"

मास्तरांनी मला मिटलं.

अकरा वर्षांत मी जवळजवळ भरले. इंग्रजी पुस्तक संपलं, तेव्हा पुढची हकीकत मास्तर वर्तमानपत्रांतून उतरवू लागले. मधल्या सुट्टीतही लिहिता यावं म्हणून मास्तर मला शाळेत नेत. १९३६च्या डिसेंबरात शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मी टेबलावरच होते. त्यांनी मला शेवटाकडं उघडलं. स्पेनच्या लोकांनी निवडणुकीत राजाच्या विरुद्ध कौल दिला आणि राजा देश सोडून गेला, ही पाच वर्षांपूर्वीची हकीकत तिथं होती.

"लोकांनी राजाला घालवलं! हे पोरांना शिकवता?"

"नाही साहेब. घरी वाचतो."

"जाळून टाका, नाहीतर नोकरी सोडा. दरवर्षी विचारीन मी."

मास्तरांना खोटं बोलता येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. घरी येऊन त्यांनी मला धुरपताबाईच्या हातात दिलं. "चुलीत घाल. माझ्यानं होत नाही," म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

तिनं मला चुलीपर्यंत नेलं. धग लागली मला. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं जुनी पंचांगं आगीत घातली, मला लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि धान साठवायच्या मोठ्या ढोलीत तळाशी खुपसलं.

मास्तर परतले. राख पाहून म्हणाले, "जाळली का?"

"हाव जी."

पुढच्या वर्षी साहेबांनी विचारलं. "जाळली," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून साहेबांना ते पटलं. म्हणूनच तिनं त्यांना खरं सांगितलं नव्हतं. नोकरी संपली की सांगू, असं तिनं ठरवलं होतं.

ढोलीच्या भिंतीतून मला सपरीतलं सारं ऐकू येई. ऐकण्यासारखं काही नसे. रविवारी मास्तर तिथं बसत, ती तांदूळ निवडी. दोघांमध्ये मी नव्हते, आणि दुसरं बोलायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. अशी सात वर्षं गेली. नोकरी संपायला आठ महिने असताना मास्तर हिवतापानं गेले.

तेराव्यानंतर तिनं मला बाहेर काढलं. शेजारच्या निर्मलाबाई मुलींच्या शाळेत शिकवत. त्या म्हणाल्या, "द्या, मी वाचून दाखवते."

"तुमी नोका वाचू. मले शिकवा."

पंचावन्नाव्या वर्षी तिनं पाटी धरली. अक्षर लागायलाच दोन वर्षं गेली. मग बोट ठेवत ठेवत ती खाणींच्या पानावर आली, तर समासात तिचंच नाव! 'धुरपता विचारते, तरी दुसऱ्याले काऊन? मला सांगता आलं नाही.' त्या दिवशी तिचं पुढं वाचणं झालं नाही.

१९४७च्या ऑगस्टात शाळेवर झेंडा लागला. सारं गाव तिकडं गेलं. ती मला घेऊन सपरीत बसली, मास्तरांच्या रिकाम्या जागेसमोर.

"जळली नाही जी," ती म्हणाली. "मी लबाड बोलली."

मग ती मोठ्यानं वाचू लागली. दुपार कलली तेव्हा शेवटच्या ओळीवर आली. 'माद्रिद शहराला सैन्यानं वेढलं आहे आणि लोक'. इथवर लिहून झालं होतं, तेवढ्यात साहेब आले होते.

"लोक काय जी? पुढं काय झालं त्याईचं?"

मला ठाऊक नाही. माझी शाई तिथंच थांबली. निर्मलाबाईंनाही सांगता आलं नाही. तुम्हाला ठाऊक असेल तर या, सपरीत बसा आणि तिला सांगा. फक्त जरा मोठ्यानं सांगा. तिला आता कमी ऐकू येतं.