परवाचं

दोनशे माणसांना जेवू घालणं म्हणजे काही खायचं काम नाही, हे वहिनीला कुणी सांगायची गरज नव्हती. धाकट्या दिराचा समारंभाचा हॉल होता आणि त्यामागच्या स्वयंपाकघरात ती सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबली होती. मुख्य आचारी काम सोडून गेला त्याच दिवशी ती दिरासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, शनिवारचं जेवण मी करते."

भाऊजींनी डोकं खाजवलं. "करा. पण स्पष्ट बोलतो, वहिनी. नीट पार पडलं तर स्वयंपाकघर तुमचं. फजिती झाली तर मी बाहेरचा केटरर आणणार. मग नातं मधे आणायचं नाही."

"आजवर आणलंय का?" वहिनी म्हणाली.

जेवण होतं हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरच्या निवृत्तीचं. पदार्थ ठरवायला बाई स्वतः आल्या. वहिनीने अर्धा तास यादी वाचून दाखवली, बाईंनी शांतपणे ऐकली आणि शेवटी म्हणाल्या, "काहीही करा हो. फक्त गरम असू द्या. चौतीस वर्षं डबा उघडला की कुणीतरी हाक मारायचं. परत येईपर्यंत सगळं गारढोण."

हे वहिनीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तिने ओट्यापासून सर्वांत लांबच्या टेबलापर्यंतची पावलं मोजली. एकाहत्तर. मग वाढप्यांच्या हातात उकळत्या पाण्याच्या खोलगट ताटल्या देऊन त्यांना चालवलं आणि टेबलापाशी उभी राहून प्रत्येक ताटलीत बोट बुडवून पाहिलं. "कोमट! पुन्हा!" लोकांना वाटलं, वहिनीचं डोकं फिरलं. पण चौथ्या फेरीला तिला उमगलं की पाण्याची ऊब चोरत होती ती थंडगार ताटली. ताटल्या आधी गरम करायच्या आणि वाढायला लांबच्या टेबलापासून सुरुवात करायची, असं ठरलं.

मोठ्या शेगड्या दोनच. म्हणून रश्शासाठी लागणारं कांदा-टोमॅटोचं वाटण तिने गुरुवारीच परतून घेतलं, चार मोठे डबे भरून फ्रीजमध्ये ठेवले आणि कुणी हात लावू नये म्हणून वर चिठ्ठी चिकटवली, 'परवाचं'.

शुक्रवारी सकाळी ती आली, तर चारही डबे घासूनपुसून पालथे घातलेले.

शेजारी तिची नणंद उभी. सफाईचं सगळं काम तिच्याकडे होतं. दिसेल ते घासत सुटायची, म्हणून घरात तिला सगळे चकाचक म्हणत. चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहत असल्याचा भाव.

"चकाचक, यातलं वाटण कुठंय?"

"फेकलं की! परवाचं शिळं दोनशे लोकांना घालणार होतीस? नशीब समज, माझं लक्ष गेलं."

"अगं बाई! परवाचं म्हणजे परवासाठीचं! उद्याचं जेवण आहे ना, गुरुवारी लिहिलेलं ते!"

"मग तसं लिहायचं! परवाचं म्हणजे परवा केलेलं, मला काय स्वप्न पडणार आहे?" असं ती तावातावाने म्हणाली खरी, पण दुसऱ्याच क्षणी काय झालं ते तिच्या ध्यानात आलं आणि तिने भोकाडच पसरलं.

सहा वर्षं कचऱ्याच्या पिंपात गेली असं वहिनीला वाटलं. रडूही येत होतं. पण चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती, आता बोलणार कुणाला?

गलका ऐकून भाऊजी धावत आले. "केटररला फोन लावू का?"

"लावा ना. उद्या जेवणं उरकल्यावर. त्याआधी फोनला हात लावलात तर याद राखा."

तिने पदार्थांच्या यादीचा कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पहिल्यापासून सगळं मांडलं. कांदे येऊन सोलून होईपर्यंत आज रात्र होणार, वाटण आता शनिवारीच परतायचं, म्हणजे एक शेगडी दुपारभर अडकणार. मग शिजवायचं गोड रद्द, त्याऐवजी फळं आणि साय. बाजारातून पुन्हा पोतंभर कांदे आले. चकाचक कोपऱ्यात अजून मुसमुसत होती. वहिनीने पोतं तिच्यापुढे ओढलं.

"रडायचंच आहे ना? मग कांद्यावर रड. काम तरी होईल."

चकाचकला हुंदक्यातच हसू फुटलं. ती अख्खं पोतं सोलूनच उठली.

शनिवारी वहिनी उजाडायच्या आत शेगडीपाशी होती. संध्याकाळी पाहुणे बसले तेव्हा रस्सा रटरटत होता आणि ताटल्या इतक्या तापल्या होत्या की वाढपी फडक्याने धरत होते. एकाहत्तर पावलांवरच्या टेबलाशी मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांचं पान वहिनीने स्वतः नेलं.

तेवढ्यात पलीकडे कुणाचा तरी पेला फुटला. बाई सवयीने ताडकन उठल्या. वहिनीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा. आज तुम्हाला कुणी हाक मारणार नाही."

बाई बसल्या. पहिला घास घेतला आणि "आई गं!" म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला. वहिनी पुढे झुकली.

"काय झालं हो?"

"जीभ भाजली!" बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसत होत्या. "चौतीस वर्षांत पहिल्यांदा! थांबा, कुणी पाणी देऊ नका."

पाहुणे पांगल्यावर भाऊजी स्वयंपाकघरात आले. रिकाम्या पातेल्यात डोकावले, घसा खाकरला. केटररचं नाव काही त्यांच्या तोंडून निघेना.

"वहिनी, ते... परवा शंभर जणांचं एक जेवण आहे. घ्याल ना?"

"दादा!" चकाचक घासणी उगारून ओरडली. "परवा म्हणजे कधी? तारीख सांग, तारीख!"

वहिनी हसून हसून पाटावर बसली. मग उठून तिने खडू भाऊजींच्या हातात दिला आणि भिंतीवरचा फळा दाखवला.

"लिहा. माझ्या स्वयंपाकघरात आता तोंडी काही चालत नाही."