पाटीवर तारीख नव्हती

मित्रांनो, पायातल्या चपला काढा, हातातली पिशवी खाली ठेवा आणि मगच माझ्यापुढे या. राग मानू नका. मी एक जुना वजनकाटा आहे. ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवण्याची मला सवय नाही. लोकांचाही माझ्यावर भरवसा नसतो. आकडा मनासारखा आला नाही की ते खाली उतरतात, मला हलवून पाहतात आणि पुन्हा चढतात. आकडा तोच येतो. मग म्हणतात, "बिघडलाय वाटतं."

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझे पाय बिडाचे, उभा खांब लोखंडी. वर एक आडवी दांडी आणि तिच्यावर सरकणारी दोन वजने, एक मोठे आणि एक छोटे. दांडी मधोमध तरंगली की वजन बरोबर. मला तपासणारा कारागीर मोठा शंकेखोर होता. त्याने एकच वजन माझ्यावर वीसदा ठेवले आणि वीसदा उतरवले, तेव्हा कुठे मला पास केले. माझा संशयी स्वभाव बहुधा त्याच्याकडूनच आला.

तिथून मी आलो तो थेट बायकांच्या दवाखान्यात. शर्ट शिवण्याच्या कारखान्यामागे एक गल्ली होती, तिथे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. कारखान्यातल्या बायका, लोकांकडे धुणीभांडी करणाऱ्या, मंडईत भाजी निवडणाऱ्या, सगळ्या तिथे येत. तपासणीला पैसे पडत नसत आणि अर्ध्या तासात कामावर परतता येई. डॉक्टरीणबाई सोमवारी आणि गुरुवारी येत. सिस्टर मात्र रोज असत. सकाळी आल्या आल्या त्या माझी दोन्ही वजने शून्यावर आणत आणि दांडी तरंगते की नाही ते पाहत. नाही तरंगली, तर मागचा स्क्रू फिरवत. तीस वर्षांत त्यांनी हे एक दिवसही चुकवले नाही.

एके दिवशी एक नवी बाई आली. सिस्टरनी विचारले, "काम काय करतेस?"

"काजं करते."

"काजू विकतेस? मग आमच्यासाठी कधी आणणार?"

"काजू नाही हो! काजं. शर्टाची. बटण घालायची भोकं."

सगळी ओसरी हसली. त्या दिवसापासून तिचे नाव काजूच पडले. काजूला दिवस गेले होते. आधीचे तिचे मूल आठव्या महिन्यात पोटातच गेले होते. तेव्हा तिने कुठे दाखवलेच नव्हते. पाय सुजतातच, डोके दुखतेच, असे घरात म्हणाले आणि तिनेही मान डोलावली. हे सांगताना ती सिस्टरकडे न बघता माझ्या दांडीकडे बघत होती. सिस्टरनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला, तिचे वजन केले आणि माझी वजने कशी सरकवायची ते तिलाही शिकवले. काजूचा हात बारीक कामाचा. दोनदा पाहून तिला जमले.

मग एकेक गोष्ट अशी घडू लागली की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आधी लोहाच्या गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. मग डॉक्टरीणबाईंचा गुरुवार बंद झाला. मग एक माणूस मोजपट्टी घेऊन आला. आमचे छत एका कोपऱ्यात गळत होते. हा त्या कोपऱ्याकडे फिरकलादेखील नाही. त्याने दाराची रुंदी मोजली, ओसरी मोजली, रस्त्याकडची बाजू तर दोनदा मोजली. मी मनात म्हटले, छतात पाणी मुरते आहे ते वेगळे आणि इथे मुरते आहे ते वेगळे.

पुढच्याच आठवड्यात दवाखान्याचा कारभार पाहणारे वरचे साहेब आले. बरोबर पाटी होती: "डागडुजीसाठी केंद्र तात्पुरते बंद. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

सिस्टरनी ती दोनदा वाचली. "साहेब, डागडुजी किती दिवस चालेल?"

"होईल हो, सिस्टर."

"मग पाटीवर तारीख टाका."

"तारखेचं काय घेऊन बसलात? तात्पुरते लिहिलंय ना!"

शेवटच्या दिवशी सिस्टरनी कपाटातून बायकांच्या तपासणीची सगळी कार्डे काढली आणि जिची तिच्या हातात दिली. कार्डे बाहेर देण्याचा नियम नव्हता. पण खोक्यात बांधलेली कार्डे पुन्हा कधी सुटतील, याचा त्यांनाही भरवसा नसावा.

काजूला त्यांनी बाजूला घेतले. "नीट ऐक. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, तोंड-हात सुजले, किंवा एका आठवड्यात दोन किलोच्या वर वजन गेलं, यातलं काहीही झालं, तर कुणाला विचारत बसायचं नाही. मोठ्या हॉस्पिटलात यायचं. माझी बदली तिथेच झालीय. दोन बस बदलाव्या लागतील, पण यायचं."

"आणि वजन करू कशावर, सिस्टर?"

सिस्टरनी माझ्याकडे पाहिले.

दोन दिवसांनी टेम्पो आला. कपाटे गेली, टेबल गेले, पडदेसुद्धा गेले. माझ्यापाशी येऊन एकाने यादी पाहिली. यादीत माझ्यापुढे लिहिले होते, "निकामी". मित्रांनो, तो शब्द मला अजून बोचतो. ज्याने तो लिहिला तो माझ्यावर एकदाही चढला नव्हता.

मला त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगारवाल्याकडे टाकले. सगळे त्याला काका म्हणत, पण त्याच्या काट्याचे नाव फार वाईट होते. काकांच्या काट्यावर हत्ती चढवला तरी शेळीचे वजन भरेल, असे बायका म्हणत. मीही त्याच्याकडे संशयानेच पाहिले. आता हा माझाही स्क्रू पिळणार, मलाही खोटे बोलायला लावणार, असे वाटले. त्याने मला मोडक्या पंख्यांशेजारी उभे केले आणि विसरून गेला.

तिथून दवाखान्याचे कुलूप समोर दिसे. भांडी घासणारी एक आजी दर सोमवारी येई. पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागले होते. डॉक्टरीणबाईंनी तिला सोमवारी तपासणीला बोलावले होते. ती कुणाकडून तरी पाटी वाचून घेई, "तात्पुरतंच आहे ना? मग उघडेल पुढच्या सोमवारी," असे म्हणे आणि परत जाई. असे नऊ सोमवार गेले. दहाव्याला तिला चालवेना, म्हणून लेकीने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेले. तिथे म्हणाले, दोन महिने आधी आणायला हवे होते. पाटीवर "कायमचे बंद" असते, तर ती दुसऱ्याच दिवशी बस धरून गेली असती. त्या एका "तात्पुरते"ने तिला खिळवून ठेवले.

बंद होऊन महिना झाला असेल. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत काजू गल्लीतून चालली होती. मला पाहून ती थबकली.

"काका, हा काटा कुठला?"

"लोखंडाचा."

"तसं नव्हे हो. दवाखान्यातला ना? चढू का?"

"चढ. पण मोडलास तर घरी न्यावा लागेल."

तिने माझी वजने शून्यावर आणली, दांडी पाहिली, स्क्रू थोडा फिरवला. अगदी सिस्टरसारखा. मग चपला काढून चढली. साडेछप्पन. आकडा तिने कार्डावर लिहिला. पुढच्या आठवड्यात सत्तावन्नला थोडे कमी. तिसऱ्या आठवड्यात ती आली तेव्हा तिची चपलेची पट्टी पायात रुतली होती. दांडी तरंगेपर्यंत ती छोटे वजन सरकवत राहिली. साडेसाठ.

ती उतरली. पुन्हा चढली. साडेसाठच.

"भंगारवाल्याचा काटा!" ती म्हणाली. "हा काय खरं सांगणार? काका, तुम्ही ह्याला हात लावलात."

मित्रांनो, मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. आयुष्यभर खरे बोललो, आणि ज्या दिवशी खरे मानले जाणे सगळ्यात गरजेचे होते त्या दिवशी शेजाऱ्याच्या बदनामीने माझी साक्ष बुडत होती.

काका चिडले. आत गेले आणि वीस किलोचे शिक्क्याचे वजन घेऊन आले. "हे बघ. हे सरकारी तपासणीच्या दिवशी बाहेर काढतो मी. ह्यात खोट नाही." त्यांनी ते माझ्या पाटावर ठेवले. काजूने वजने सरकवली. दांडी बरोबर विसावर तरंगली.

"पटलं?" काका म्हणाले आणि हळूच पुढे बोलले, "माझ्या पुढच्या काट्यावर मात्र ठेवू नकोस."

काजू हसली नाही. ती पंख्यांजवळच्या डब्यावर बसली. "सकाळपासून डोकं ठणकतंय," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतात, ह्या दिवसांत पाय सुजतातच. मागल्या वेळीही असंच म्हणाल्या होत्या." मग म्हणाली, "आज मोठी ऑर्डर आहे. अर्धा दिवस बुडाला तर सुपरवायझर दुसरीला मशीनवर बसवेल. उद्या जाते."

"उद्या?" काकांनी दुकानभर हात फिरवला. "पोरी, 'उद्या दुरुस्त करू' म्हटलेला सगळा माल शेवटी माझ्याकडेच येतो. ऊठ."

त्यांनी दुकान तसेच टाकले आणि तिला आपल्या टेम्पोत बसवले. पुढचे मी पाहिले नाही, काकांनी नंतर दुकानात आपल्या घरच्यांना सांगितले ते ऐकले. रांग दारापर्यंत होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, नंबर लावा. काजूने कार्ड पुढे केले आणि सिस्टरना बोलवा म्हणून सांगितले. सिस्टर आल्या, शेवटचे तीन आकडे पाहिले आणि तिला तशीच आत घेऊन गेल्या. रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे ऐंशी. त्याच संध्याकाळी ऑपरेशन करून मूल काढावे लागले. मुलगी झाली. दीड किलोची, काचेच्या पेटीतली. काजूला रात्री आकडीचा एक झटका आला, पण ती वाचली. मुलगीही तगली. मशीनवर मात्र दुसऱ्याच दिवशी दुसरी बाई बसली होती, आणि पुढे दोन महिने काजूला सुईचे भोक नीट दिसत नव्हते.

सगळे गोड झाले असे समजू नका. मी समजलो नाही. थोड्या दिवसांनी साहेब गल्लीत आले. हातात फाईल होती. काकांच्या दुकानासमोर उभे राहून ते कुणाला तरी फोनवर सांगत होते, "केंद्र बंद झाल्यापासून या भागात जोखमीची एकही बाई नोंदली गेलेली नाही. म्हणजे तशी गरजच नव्हती."

काका म्हणाले, "नोंदणार कोण, साहेब? वही तुम्ही नेलीत आणि काटा माझ्याकडे आहे."

साहेबांनी ऐकले न ऐकलेसे केले.

सिस्टर मात्र आपल्या सुट्टीच्या वारी येऊ लागल्या. पंखे हलवून काकांनी जागा केली. दोन बायका आल्या, मग सात, मग वीस. बायका खूश झाल्या, पण सिस्टरच्या कपाळावरची आठी काही जाईना. "हे बरं दिसतं, पण बरं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या हेच म्हणतील, चाललंय की त्यांचं भंगाराच्या दुकानात, दवाखाना कशाला उघडायचा?" त्यांच्या तोंडून माझ्याच मनातले आले.

म्हणून त्यांनी बायकांकडून एक अर्ज लिहून घेतला. खाली प्रत्येकीचे नाव, वजन आणि रक्तदाब. आजीच्या लेकीने आजीचे नाव लिहिले आणि त्यापुढची जागा मोकळी सोडली. मग दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मला टेम्पोत घातले आणि साहेबांच्या कचेरीत नेऊन त्यांच्या टेबलापुढे उभे केले. काजू मुलीला कडेवर घेऊन आली होती.

"हे काय आणलंत?" साहेब म्हणाले.

"निकामी माल," सिस्टर म्हणाल्या. "तपासून बघा."

काजूने मुलीला साहेबांच्या शिपाईणबाईकडे दिले आणि चढली. मग एकेक बाई चढत गेली. काजू आकडा मोठ्याने सांगे, सिस्टर अर्जातला आकडा वाचत. एकही चुकला नाही. दारापाशी कचेरीतली माणसे जमली. तासाभराने साहेबांनी फाईल मागवली, अर्जावर शेरा मारला आणि केंद्र उघडण्याची तारीख लिहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी टेबलाच्या अगदी जवळ होतो, म्हणून मला दिसले. तारीख पेन्सिलीने लिहिली होती.

सिस्टरनाही ते दिसले. त्यांनी आपले पेन काढून साहेबांपुढे धरले आणि ते घेतले जाईपर्यंत हात मागे घेतला नाही.

ती तारीख यायला अजून अकरा दिवस आहेत. तोवर मी काकांकडेच आहे आणि समोरच्या कुलपावर डोळा ठेवून आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, त्यांना गंजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण एक काम याहून मोठे आहे. आज घरी गेलात की आईला विचारा, "तू शेवटची तपासणी कधी करून घेतलीस?" ती पदराला हात पुसत म्हणेल, "मला काय धाड भरलीय!" तिच्या बोलण्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. तिचा हात धरा आणि तिला घेऊन जा.