कोयता कुणी पाहिला

"रक्त गार पाण्यानं धुवायचं, बायो. ऊन पाण्यानं ते लुगड्यात घर करतं." गावच्या वहाळावर शेवंतीची आई असं सांगायची, तेव्हा तिचा स्वतःचा ओठ फुटलेला असायचा.

तीन वर्षांपूर्वी घाटकोपरच्या टेकडीवरच्या खोलीत शेवंतीनं फरशी पुसली, ती गार पाण्यानंच. रक्त नवऱ्याचं, दशरथचं. मनगटापासून कोपरापर्यंत हात उसवला होता. तोच हात झेंड्यासारखा धरून तो चाळभर ओरडत फिरला, की शेजारच्या प्रबुद्धनं कोयता घातला.

वैर माळ्याचं. दशरथनं माळा वाढवला, प्रबुद्धची खिडकी बुजली. त्यानं पालिकेत अर्ज दिला आणि माळा पडला. मग दशरथनं त्याच्यावर दोन दावे लावले. एक कपड्यांच्या दोरीवरून, दुसरा तो आपल्याकडे बघून थुंकतो म्हणून. "कोर्टाला दुसरं काम नाही का?" असं सुनावून न्यायाधीशांनी दोन्ही फेटाळले. कागदानं जमेना, तेव्हा रक्त निघालं.

पोलीस यायच्या आत दशरथच्या भावांनी प्रबुद्धला जिन्यात गाठलं. सळईच्या पहिल्याच घावाला त्याचे दात पायरीवर सांडले, जाईच्या कळ्या सांडाव्यात तसे. मग डोकं कठड्यावर आपटलं, पुन्हा आपटलं. शेवंती दाराआड पदर चावत उभी राहिली. वर बावीस दिवस कोठडी त्यालाच. बेस्टची ड्रायव्हरकी लटकली. शिक्षा लागली तर ती कायमची जाणार होती.

आज कुर्ल्याच्या कोर्टात शेवंतीची साक्ष होती.

"'मी कोयतो बघलंय', इतक्याच सांग," जिन्यावर दशरथ तिच्या कानाशी म्हणाला. "जास्त शानपन नको." आणि तिची करंगळी धरून त्यानं उलटी मोडली. हाड काडीसारखं वाजलं. वर जाताना तो शिपायाला हसून म्हणाला, "बायको माझी. कोर्टाक घाबरता."

तोच सुजता हात वर करून तिनं शपथ घेतली. सरकारी वकिलांना ती नुसतं हं, हं म्हणाली. मग प्रबुद्धच्या वकील शर्मिष्ठाबाई उठल्या.

"कोयता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात?"

शेवंतीनं समोर पाहिलं. प्रबुद्ध आरोपीच्या पिंजऱ्यात तोंडावर हात धरून उभा होता. मागच्या बाकावर दशरथ खाकरला.

"बाई, तुम्ही शपथेवर आहात," न्यायाधीश म्हणाले. "खोटी साक्ष हा गुन्हा आहे. खोट्या फिर्यादीलाही कायदा सोडत नाही."

"आणि त्यात हातभार लावणाऱ्याला?" शेवंतीनं विचारलं.

"त्यालाही नाही."

तिनं मोडलं बोट पदरात गुंडाळलं.

"मग लिहा, साहेब. कोयता नव्हताच. घरची विळी होती. ह्यांनीच तिच्यावर हात ओढला. आणि विळी हलू नये म्हणून तिच्या पाटावर मी बसले होते."