लुत्सेची पैज

ऑलिव्हच्या झाडावरून पडून लुत्सेचा खुबा मोडला, तेव्हापासून तिच्या मुलाने, याक्शाने, एकच धोशा लावला होता: घर विकायचं, बेट सोडायचं आणि आईने समुद्रापलीकडे स्प्लिट शहरात त्याच्याकडे राहायचं. हिवाळाभर हे फोनवरून चाललं. एप्रिलात तो स्वतःच बोटीने आला. मी शेजारीण, त्यांचं भांडण मला भिंतीतून ऐकू येतच होतं. त्या दिवशी लुत्सेने मला हाक मारून आत घेतलं.

"तोंका, तू साक्षीदार. उद्या मी वेला स्त्राझा चढणार. माथ्यावर पोचले तर इथेच राहीन. नाही पोचले, तर हा म्हणेल तिथे."

"आई, तुला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत!"

"मग घाबरतोस कशाला?"

सकाळी आम्ही तिघं निघालो. वेला स्त्राझा आमच्या बेटावरचा सगळ्यात उंच डोंगर, पण धडधाकट माणूस गप्पा मारत वर जातो. लुत्से काठी टेकत, दर वळणावर थांबत चालली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना रोझमेरी फुलली होती आणि मधमाश्यांच्या गुणगुणीशिवाय कसला आवाज नव्हता.

"दमलीस?" याक्शाने मागे वळून विचारलं.

"तूच धापा टाकतोयस. पोट बघ, बिअरचं पिंप नुसतं!"

पाइनच्या सावलीत आम्ही पाव, चीज आणि सुके अंजीर खाल्ले. भांडायचं आहे हे दोघंही विसरल्यासारखे वाटले. याक्शा तर चक्क शीळ घालायला लागला.

शेवटचा चढ सुट्या दगडांचा. तिथे लुत्सेचा पाय थरथरायला लागला. तिने दात आवळून आणखी थोडं अंतर काढलं आणि मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक. माथा अगदी डोक्यावर दिसत होता.

"झालं आई," याक्शा हळूच म्हणाला. "चल, पाठीवर घेतो तुला."

"हरले."

"हो."

"तोंका, ऐकलंस ना? हरले म्हणाले मी."

"ऐकलं."

"आता हेही ऐक. हरले, तरी जाणार नाही."

याक्शा उसळला. "अगं, पैज तूच लावलीस! शब्द दिलास!"

"दिला आणि मोडला. घर काय पैजेवर लावायची चीज आहे? माझ्याच घरात राहायला तुझी परवानगी मागत बसले, हाच माझा मूर्खपणा."

"आणि पुन्हा पडलीस तर?"

"पडेन. माझ्याच अंगणात पडेन."

त्याने एक दगड लाथाडला. मग तोंड फिरवून म्हणाला, "बाबा गेले तेव्हा मी इथे नव्हतो. तुझ्या वेळीही तसंच व्हायचंय का?"

लुत्सेने त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं. "मग येत जा ना, गाढवा. बोटी काय बंद पडल्यात?"

बऱ्याच वेळाने तिने काठी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात टेकून रांगत वर निघाली.

"आता कुठे? पैज संपली ना?" याक्शाने विचारलं.

"संपली. आता मी बघायला चाललेय."

याक्शा तिच्या मागोमाग, तिची टाच घसरेल तिथे तळहात लावत चढला. एकदाही 'थांब' म्हणाला नाही. माथ्यावर पोचलो तेव्हा तिचे गुडघे सोलवटले होते. खाली निळाशार समुद्र आणि पलीकडच्या किनाऱ्यावर उन्हात पांढरं दिसणारं शहर.

"ते तुझं स्प्लिटच ना?"

"हो."

"छान दिसतं. इथून बघितलं, पुरे झालं मला."

उतरताना मात्र ती मुकाट त्याच्या पाठीवर बसली. मुकाट म्हणजे, नीट चाल म्हणून त्याला ओरडत. रविवारच्या बोटीने तो एकटाच परत गेला.

पुढच्या शनिवारी ड्रिल घेऊन आला आणि घराच्या जिन्याला लोखंडी कठडा बसवून गेला. वाकडा बसलाय, असं लुत्से गावभर सांगते. धरते मात्र रोज.